ठिपका कागदावरचा की कॅमेऱ्यातला?

आज आठवणी कमी आणि वाद जास्त आहे, हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या काही वर्षांत आपल्या धार-देवासच्या घरांमध्ये एक चांगलं काम सुरू झालंय. वाडे विकले जातायत, मुलं पुण्याला, बंगलोरला नाहीतर थेट अमेरिकेत, आणि विकण्याआधी घरातला एखादा भाचा-पुतण्या भारी कॅमेरा घेऊन बसतो. पणजोबांच्या ट्रंकेतले फोटो, लग्नपत्रिका, वाटणीचे कागद, मोडीतली पत्रं, एकेक करून टिपतो. मग ते सगळं नातेवाइकांना वाटलं जातं, सगळे अंगठा वर करतात, आणि खूश होतात. मूळ कागदांचं पुढे काय होतं ते विचारू नका. थोडे कुणाच्या तरी माळ्यावर, थोडे वाळवीला, उरलेले रद्दीत. म्हणजे पंधरा-वीस वर्षांनी आपल्या नातवंडांच्या हातात जे असेल ते मूळ नसणार, त्याचा फोटोच असणार. त्या फोटोत जो ठिपका असेल तो त्यांच्यासाठी खरा, आणि जो नसेल तो कधी नव्हताच.

म्हणून माझं म्हणणं असं की असल्या कामाला बसण्याआधी कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची धूळ बघा, ती शक्यतो घरीच काढा, आणि काढायची नसेल तर राहू द्या, पण कॉम्प्युटरला ‘सगळे डाग आपोआप पूस’ असं कधीही सांगू नका. या तिसऱ्या मुद्द्यावरच माझं पोरांशी भांडण होतं.

धारच्या आजीच्या हनुवटीवर गोंदण होतं. तीन ठिपके, तिकोणी. आईकडून ऐकलेलं असं की लग्नाआधी माहेरी यात्रेत गोंदवून घेतले आणि त्यावरून घरात बोलणीही खाल्ली. तिचा एकुलता एक नीट फोटो होता, तोही पोस्टकार्डाएवढा, कडा खाल्लेला, वर पावसाळ्याच्या बुरशीचे डाग. मावशीच्या पंच्याहत्तरीला मुलांनी तो एका स्टुडिओत देऊन मोठा करून आणला. छान फ्रेम, सोनेरी पट्टी. मावशीनं चष्मा लावला, बघितला, आणि म्हणाली, “अरे, ही कोण?” पोरं हसली. तिला खरंच कळत नव्हतं. चेहरा तोच, नथ तीच, पण हनुवटी कोरी गुळगुळीत. डाग काढणाऱ्या प्रोग्रामला बुरशीचा ठिपका आणि गोंदणाचा ठिपका यांतला फरक कसा समजणार? त्याला दोन्ही गोल, दोन्ही काळपट. स्टुडिओतल्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही, त्यानं आजीला पाहिलं नव्हतं. मूळ फोटो शाबूत होता म्हणून निभावलं.

आता धुळीकडे येतो, कारण तिचं आणि या डाग पुसण्याचं नातं आहे. फोटोंवर एकाच जागी ठिपके दिसायला लागले की माणूस वैतागतो, एक-एक पुसत बसायचा कंटाळा येतो, आणि मग ‘आपोआप’ची कळ दाबतो. धूळ नसती तर ती कळ दाबायची वेळच आली नसती.

फिल्मच्या जमान्यात हे दुखणं असं नव्हतं. फिल्मवर कण बसला तर तो त्या एका फोटोपुरता. रीळ पुढे सरकलं की कोरा तुकडा समोर. त्याआधी काचेच्या प्लेटा होत्या, तेव्हाही तसंच. आपल्याकडचे लाला दीनदयाळ, जे इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि पुढे राजा दीनदयाळ म्हणून नावाजले, ते मध्य हिंदुस्तानभर काचेच्या प्लेटा घेऊन हिंडले. रस्ते कच्चे, धूळ आजच्यापेक्षा कितीतरी जास्त. पण प्रत्येक फोटोला नवी प्लेट. कण बसला तर त्या प्लेटेवर पांढरा ठिपका येणार, आणि ब्रश-शाई घेऊन तो हातानं भरायचा. डिजिटल कॅमेऱ्यात मात्र फोटो बदलतो, पाटी तीच राहते. आज बसलेला कण उद्याच्या, परवाच्या, हजाराव्या फोटोतही त्याच जागी.

आणि आपली हवा! कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयानं आजारी असताना देवासला आले ते इथल्या कोरड्या हवेसाठी, आणि मग टेकडीच्या पायथ्याशी कायमचे राहिले, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. फुप्फुसाला मानवली ती कोरडी हवा कॅमेऱ्याला मानवत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, एप्रिल-मेमध्ये वावटळी उठतात, त्यात आग्रा रोडवरचे ट्रक. शिवाय कोरड्या हवेत स्थिर वीज लवकर साठते, मग कण काचेला चिकटून बसतो, उडता उडत नाही. धारची गत वेगळी नाही. मांडू तिथून पस्तीसेक किलोमीटर; पावसाळ्यात जहाजमहालाचे फोटो काढायला जाणारी मंडळी वाऱ्यात उभी राहून लेन्स बदलतात आणि घरी येऊन विचारतात, आभाळात हे काय उडतंय?

लग्नाचे फोटोग्राफर तर विचारूच नका. हळदीच्या मांडवात, उधळलेल्या अक्षतांमध्ये, रंगपंचमीला गुलालात, पोरं बिनदिक्कत लेन्स काढतात आणि कॅमेऱ्याचं तोंड आभाळाकडे करून दुसरी शोधत बसतात. वाढप्यानं श्रीखंडाचं पातेलं उघडं टाकून जावं तसं.

ही धूळ आत जाते कुठून? लेन्स बदलताना. पण सगळी तिथूनच नाही. लेन्सच्या मागच्या बाजूला, धातूच्या कड्यावर बसलेली धूळ लेन्ससोबत आत जाते. आतल्या पडद्याच्या, म्हणजे शटरच्या घासण्यानं बारीक कण आणि कधी वंगणाचे थेंबही उडतात. यात बड्या कंपन्याही सुटलेल्या नाहीत. निकॉनचा डी ६०० हा २०१२ चा कॅमेरा याच ठिपक्यांसाठी जगभर गाजला. वर्षभरात सुधारलेला डी ६१० आला, आणि २०१४ मध्ये कंपनीनं वॉरंटी संपलेले डी ६०० सुद्धा फुकट तपासून, साफ करून, गरज पडल्यास शटर बदलून द्यायचं जाहीर केलं. तेव्हा घरात कुणाच्या कॅमेऱ्यात ठिपके दिसले म्हणून त्याला निष्काळजी म्हणू नका.

आणखी एक गैरसमज काढून टाकू. धूळ सेन्सरवर बसते असं आपण म्हणतो, पण खरं तर ती सेन्सरच्या पुढे असलेल्या पातळ काचेवर बसते. म्हणून फोटोत दिसतो तो कण नव्हे, कणाची सावली. लेन्सचं तोंड मोठं उघडं असेल, एफ २.८ वगैरे, तर प्रकाश चहूबाजूंनी तिरका येतो आणि सावली विरून जाते. तोंड बारीक केलं, एफ ११, एफ १६, की प्रकाश जवळजवळ सरळ येतो आणि सावली उमटते. दुपारच्या उन्हात आपली सावली ठळक आणि ढगाळ दिवशी गायब, तसंच. म्हणूनच वाढदिवसाचे फोटो स्वच्छ येतात आणि कागदपत्रांचे फोटो ठिपक्यांनी भरतात, कारण कागद कडेपासून कडेपर्यंत सुस्पष्ट यावा म्हणून आपण तोंड बारीक करतो. वर कागद पांढरा, लपायला जागा नाही. जुन्या निगेटिव्ह जवळून टिपताना तर आणखी पंचाईत: जितकं जवळ जाल तितकं ते तोंड प्रत्यक्षात अधिकच बारीक असल्यासारखं वागतं.

आकार किती, तर मोठा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, लहान साधारण २४ बाय १६. त्या लहानावर दोन कोटी चाळीस लाख बिंदू बसवलेले असतील तर एकेक बिंदू जेमतेम ४ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचे अडीचशे भाग केले तर त्यातला एक. केसाच्या जाडीएवढा कण आला तरी एकेका ओळीत डझन-दोन डझन बिंदू झाकले जातात.

आता देवासच्या घरातली गोष्ट. दोन पात्यांचं आपलं गाव, थोरली पाती नि धाकटी पाती, गल्लीगणिक राज्य बदलायचं. घरंही तशीच विभागलेली. आमच्या चुलत घराण्यातला एक वाटणीचा कागद पुतण्यानं टिपला आणि सगळ्यांना पाठवला. त्यात एका ओळीत स्पष्ट वाचता येत होतं, ‘वरची मांडी धाकट्याकडे’. दोन दिवस नुसता हशा. कुणी म्हणालं मटणाची वाटणी असेल, कुणी आणखी काहीबाही. मग मी त्याला म्हटलं, बाकीची पानं दाखव. प्रत्येक पानावर वरून एक तृतीयांश अंतरावर, डावीकडे, तोच ठिपका. एका पानावर तो समासात होता, एकावर ओळींच्या मध्ये, आणि या पानावर नेमका ‘माडी’च्या मावर बसलेला. अनुस्वार म्हणून अगदी शोभून दिसत होता.

हसलो ते ठीक. पण नावात, रकमेत, तारखेत असा ठिपका पडला असता तर? आणि मूळ कागद तोवर रद्दीत गेला असता तर? आपल्या लिपीत ठिपक्याला अर्थ आहे. इंग्रजी कागदावर धूळ पडली तर घाण दिसेल. आपल्या कागदावर पडली तर शब्द बदलतो.

यावर एक सोपा उपाय आहे, त्याला एक रुपया लागत नाही. महत्त्वाच्या प्रत्येक कागदाचे दोन फोटो काढा. एक सरळ, दुसरा कागद उलटा फिरवून, डोकं खाली. कॅमेरा हलवायचा नाही. नंतर पडद्यावर दोन्ही शेजारी ठेवा. ठिपका कागदाबरोबर फिरला असेल तर तो कागदावरचा: शाई असेल, बुरशी असेल, माशीनं केलेला असेल, काहीही, पण तो खरा. ठिपका चौकटीत होता तिथेच राहिला असेल तर तो कॅमेऱ्यातला. पुतण्या म्हणाला, “काका, दुप्पट वेळ जाईल.” जाऊ दे. शंभर वर्षं टिकलेल्या कागदाला आणखी अर्धा मिनिट द्यायला काय हरकत आहे?

धूळ आहे की नाही हे बघायचं तर तोंड एफ १६ करा, फोकस मुद्दाम बिघडवा, आणि स्वच्छ आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, कॅमेरा किंचित हलवत. हलवल्यानं भिंतीवरचे डाग पुसट होतात, सेन्सरवरचे जागच्या जागी राहतात. मग कॉम्प्युटरवर मोठा करून बघा. घाबरू नका, पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण घाबरतो. आणि हे लक्षात ठेवा की प्रतिमा आत उलटी पडते: कॅमेऱ्यात समोरून डोकावलं तर फोटोतला वरचा ठिपका तुम्हाला खाली सापडेल, डावीकडचा मात्र डावीकडेच.

साफ करण्याबद्दल दोन टोकं दिसतात. एक म्हणजे फुंकर मारणारे. हार्मोनियमवरची धूळ उडवावी तशी तोंडानं फू करतात, आणि थुंकीचे सूक्ष्म थेंब काचेवर वाळवून ठेवतात. दुसरे म्हणजे हातच न लावणारे. पुतण्याचंच उदाहरण. तो कॅमेरा मोठ्या शहरातल्या एका दुकानात घेऊन गेला, तिथल्या माणसानं आत न बघताच सांगितलं, सेन्सर गेलाय, बदलावा लागेल, आणि जो आकडा सांगितला त्यात दुसरा कॅमेरा आला असता. पोरगं तोंड पाडून परत आलं. आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो, पाच मिनिटं लागली. ठिपका गेला.

केलं काय? खोलीचा पंखा बंद, टेबल ओल्या फडक्यानं पुसलेलं. कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण भरलेली, कारण आरसा असलेल्या कॅमेऱ्यात सफाईसाठी आरसा वर धरून ठेवावा लागतो आणि मध्येच बॅटरी संपली तर तो खाली येतो. मेनूमध्ये त्यासाठी वेगळी सोय असते. लेन्स काढली, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे, आणि रबरी ब्लोअरनं खालून आठ-दहा झटके. फुग्यासारखा हा ब्लोअर फोटोच्या दुकानात मिळतो. त्याचं टोक आत घालायचं नाही, बाहेरूनच. तोंड खाली अशासाठी की सुटलेला कण खाली पडावा, परत आत बसू नये. डबाबंद हवेचे स्प्रे मिळतात ते वापरू नका, त्यातून कधी कधी द्रव उडतो आणि काचेवर डाग धरतो. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा ब्लोअरवर काम भागतं.

त्याआधी कॅमेऱ्याची स्वतःची सफाईसुद्धा चालवून बघावी. ऑलिम्पसनं २००३ च्या ई १ या कॅमेऱ्यात पुढची काच अतिवेगानं थरथरवून धूळ झटकायची युक्ती आणली, आता ती बहुतेकांत असते. मेनूत ‘क्लीन’ असं काही लिहिलेलं असतं ते हेच. कोरडी धूळ झटकली जाते, चिकट राहते.

चिकट असेल तर ओली सफाई. ही मात्र सगळ्यांनी करावी असं मी म्हणणार नाही. सेन्सरच्या रुंदीएवढ्या चपट्या काड्या मिळतात, त्यावर त्यासाठीच्या द्रवाचे एक-दोन थेंब, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच हात, मग काडी उलटून परतीचा एक हात, आणि ती काडी टाकून द्यायची. दुसऱ्यांदा तीच वापरली तर काढलेली खर पुन्हा घासली जाते आणि काचेवर चरा पडतो. कानातल्या काड्या, चष्म्याचं फडकं, औषधाच्या दुकानातलं स्पिरिट, यातलं काहीही नाही. कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये बहुधा ब्लोअरपर्यंतच परवानगी असते, पुढचं सर्व्हिस सेंटरला द्या म्हणतात, आणि ते त्यांच्या जागी बरोबर आहे. हल्लीच्या काही मिररलेस कॅमेऱ्यांत हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून सेन्सर स्वतः हलता ठेवलेला असतो, त्याला दाबलं तर भलतंच व्हायचं. ज्याचा हात थरथरतो त्यानं दुसऱ्याला द्यावं. माझा अजून थरथरत नाही, पण पुढच्या वर्षी मी हे वाक्य लिहीन की नाही सांगता येत नाही.

लेन्सवरच्या धुळीची मात्र लोक उगाच काळजी करतात. पुढच्या काचेवर दोन-चार कण असले तर फोटोत काही दिसत नाही. आमचे एक मित्र दिवसातून तीनदा लेन्स पुसतात आणि सेन्सरकडे आयुष्यात बघितलं नाही.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, मोबाईलनं टिपा. टिपा की. मोबाईलची लेन्स निघत नाही, त्यामुळे आत धूळ जायचा प्रश्न जवळजवळ नाहीच, आणि साध्या पत्रिका-पावत्यांना तो पुरतो. पण मोबाईल फोटो काढतो त्याच क्षणी स्वतःच्या मनानं तो सुधारतो. चेहरे गुळगुळीत करतो, अक्षरं उगाच धारदार करतो, कागदाचा पिवळेपणा उडवतो. आजीच्या हनुवटीचं जे झालं ते इथे न सांगता होतं. ती सौंदर्याची सोय बंद करून मग टिपा, आणि टिपल्यावर मूळ फाईल पाठवा. गप्पांच्या ग्रुपवर टाकलेला फोटो दाबून बारीक केला जातो, त्यात गोंदण आणि धूळ दोन्ही सारखीच दिसतात.

राहता राहिला प्रश्न: ठिपके पुसायचे की नाही? भिंतीवर लावायच्या प्रतीत पुसा, हौसेनं पुसा, एकेक करून, शेजारी घरातलं म्हातारं माणूस बसवून. “हा डाग का तीळ?” असं विचारत. मावशीला शेजारी बसवलं असतं तर तिनं पहिल्या मिनिटात सांगितलं असतं. पण जपून ठेवायच्या प्रतीत एकही ठिपका पुसू नका, धुळीचासुद्धा. ती फाईल वेगळ्या नावानं ठेवा, आणि सोबत एका ओळीत लिहा: कुठला कागद, कुणाकडचा, कधी टिपला, कोणत्या कॅमेऱ्यानं. त्याच फोल्डरमध्ये तो एफ १६ चा कोऱ्या भिंतीचा फोटोही टाकून ठेवा. पुढे कुणाला शंका आली तर तो समोर धरला की कॅमेऱ्यातले ठिपके कोणते ते कळतं. आमच्या घरात आता प्रत्येक गठ्ठ्यासोबत असा भिंतीचा एक फोटो असतो. बायको म्हणते, पूर्वजांपेक्षा भिंतीचेच फोटो जास्त झालेत.

माझा पुतण्या हे सगळं मानतो असं नाही. त्याचं म्हणणं, आणखी दोन वर्षांत कॉम्प्युटर गोंदण आणि धूळ वेगळी ओळखायला शिकेल. शिकेलही. पण गोंदण आजीचं होतं आणि तीन ठिपक्यांचं होतं हे त्याला कोण सांगणार? ते मावशीलाच माहीत आहे, आणि ती आता एक्याऐंशीची आहे.

दिवाळीनंतर धारच्या घरातली शेवटची ट्रंक उघडायची आहे. दोन टेबललॅम्प आहेत, काळं कापड आहे, ब्लोअर नवीन आणलाय. कुणाकडे सपाट काच असेल, फ्रेमची जुनी चालेल, पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी, तर कळवा. वळलेले फोटो तिच्याखाली ठेवायचे आहेत. आणि ज्यांना मोडी वाचता येते अशांपैकी कुणी दोन दिवस येऊ शकलं तर राहायची-जेवायची सोय आमच्याकडे.